बोलोन्याच्या वेशी-वेशीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराच्या तिसऱ्या तटाला बारा वेशी होत्या. तट पाडला गेला, पण त्यातल्या दहा वेशी कुठल्या ना कुठल्या रूपात अजून उभ्या आहेत. एकेक वेस गाठत जुन्या शहराभोवती पायी फेरी मारता येते. इथे येणारे मराठी प्रवासी, विद्यार्थी आणि मुलांकडे महिनाभर राहायला आलेले आईवडील या फेरीबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं खाली आहेत.

फेरी किती लांब आहे? किती वेळ लागतो?

तटाची लांबी सुमारे ७.६ किलोमीटर होती. आज त्या रेषेवर रुंद, झाडं लावलेल्या रस्त्यांचं एक कडं आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं 'विआली' म्हणतात. सिग्नल ओलांडणं, थोडे वळसे, एखाद्या बागेत शिरणं असं सगळं धरून आठ-साडेआठ किलोमीटर होतात. न थांबता चाललात तर दोन तासांत परत जागेवर याल, पण तसं चालण्यात काही अर्थ नाही. सकाळी नऊला निघून दुपारी दोन-अडीचपर्यंत, मध्ये जेवणाला थांबून, असा अर्धा दिवस हाताशी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ही फेरी सलग रम्य नाही. विआली म्हणजे बोलोन्याचा रिंगरोड. बस, ट्रक, स्कूटर सगळं तिथूनच वाहतं, आणि बऱ्याच वेशी वाहतुकीच्या मधोमध बेटासारख्या उभ्या आहेत. फोटोत दिसणारं लालसर, कमानींचं बोलोन्या या कड्याच्या आत आहे. तरीही ही फेरी करावी असं आम्ही सांगतो, कारण शहराच्या भांडणांचा इतिहास या कडेवर जितका दिसतो तितका आत चौकात दिसत नाही. पोप, सम्राट, ऑस्ट्रियन सैन्य, फॅसिस्ट, जकातवाले, सगळ्यांची गाठ शहराशी इथेच पडली.

बारा वेशी होत्या, मग दहाच कशा? आणि तट कुठे गेला?

बोलोन्याला एकामागून एक तीन तट झाले. पहिला सेलेनाइट या चकाकत्या जिप्समच्या दगडाचा, अगदी लहान. दुसरा बाराव्या शतकातला. विद्यापीठामुळे आणि व्यापारामुळे वस्ती त्याबाहेर सांडली, तेव्हा १२२६ मध्ये खंदक आणि लाकडी मेढेकोट घालून तिसरी हद्द आखली गेली. चौदाव्या शतकात, १३२७ पासून, मेढेकोटाच्या जागी विटांचा तट चढू लागला. हाच तो 'चिर्क्ला', म्हणजे आपल्या फेरीचा तट.

तोफा आल्यावर त्याचा लष्करी उपयोग फारसा उरला नाही, पण जकातीसाठी तो फार सोयीचा होता. शहरात येणारा माल वेशीतूनच येणार, म्हणजे वेशीवर माणूस बसवला की काम झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. १८८९ च्या नगररचना आराखड्यात शहर तटाबाहेर वाढवायचं ठरलं. हवा खेळती राहील, रस्ते रुंद होतील, बेकार गवंडी-मजुरांना काम मिळेल अशी कारणं पुढे आली, आणि १९०२ ते १९०६ या काळात तट उतरवला गेला. त्यात पोर्ता सांतइझाया आणि पोर्ता सान मामोलो या दोन वेशीही गेल्या. बाकीच्यांवरही कुदळ पडलीच असती. अल्फोन्सो रुब्बियानी या जुन्या वास्तूंच्या कैवाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आरडाओरडा केला म्हणून काही वाचल्या.

तटाचे तुकडे मात्र मधूनमधून सापडतात. कुठे ते पुढे येतील ते सांगू.

सुरुवात कुठून करावी? डावीकडून की उजवीकडून?

रेल्वे स्टेशनपासून. विमानाने येणाऱ्यांनाही तेच सोपं, कारण विमानतळावरची मोनोरेल थेट स्टेशनला आणून सोडते. स्टेशनसमोर शहराकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला थोड्या अंतरावर पोर्ता गालिएरा आहे. ती पाहून पुन्हा स्टेशनवरून पश्चिमेकडे निघा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फेरी घाला: गालिएरा, लामे, सान फेलीचे, सांतइझाया (नाही), सारागोत्सा, सान मामोलो (नाही), कास्तिल्योने, सांतो स्तेफानो, माज्जोरे, सान विताले, सान दोनातो, मास्कारेल्ला, आणि परत गालिएरा. या दिशेचा फायदा असा की दक्षिणेचा झाडीचा भाग भर दुपारी येतो, तेव्हा सावली मिळते.

निघण्याआधी स्टेशनच्या बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहा. ते १० वाजून २५ मिनिटांवर थांबवलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसं गेली. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या म्हणून ३७ क्रमांकाची सिटी बस मृतदेह वाहण्यासाठी वापरली गेली. भिंतीतलं खिंडार आत काचेमागे जपलेलं आहे. वेशींशी याचा थेट संबंध नाही, पण त्यावरून सरळ चालत पुढे जाणं बरं दिसत नाही.

पोर्ता गालिएराजवळच्या पडक्या भिंती कसल्या?

एका किल्ल्याच्या. तो पाच वेळा बांधला गेला आणि पाचही वेळा बोलोन्याच्या लोकांनी पाडला.

कथा अशी. १३३० च्या सुमारास पोपचा प्रतिनिधी कार्डिनल बेर्त्रांदो देल पोज्जेत्तो याने इथे तटाला लागून गढी उभारली. पोप तेव्हा फ्रान्समधल्या आव्हिन्योंमध्ये होते, आणि त्यांना बोलोन्यात आणून ठेवण्याचा बेत होता असं सांगतात. लोकांना मात्र गढीची तोंडं आपल्याकडेच वळलेली दिसत होती. १३३४ मध्ये उठाव झाला, कार्डिनल पळाला आणि गढी जमीनदोस्त झाली. पुढची पावणेदोनशे वर्षं हेच चक्र चाललं: पोपची सत्ता परत आली की गढी चढायची, सत्ता ढळली की लोक पहारी घेऊन यायचे. शेवटची पाडापाडी १५११ ची. आज गवतात दिसणारे ते ओबडधोबड अवशेष म्हणजे सगळ्या गढ्यांचं मिळून उरलेलं. पाटी लहान आहे, पटकन नजरेतून सुटते.

आत्ता दिसणारी वेस त्यापेक्षा बरीच नवी, १६५९ ते १६६१ मधली, बार्तोलोमेओ प्रोवाल्या याची. शहराकडची बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळी सजवलेली आहे. दोन्ही बाजूंनी फिरून पाहा. मागेच मोंतान्योला ही उंचवट्यावरची बाग आहे. ८ ऑगस्ट १८४८ ला शहरात घुसलेल्या ऑस्ट्रियन सैन्याला लोकांनी याच भागात झुंजून बाहेर काढलं. बाजूच्या चौकाचं नाव त्या तारखेवरूनच आहे. बागेचा तो भपकेबाज जिना १८९६ चा. चढायची गरज नाही, खालूनच छान दिसतो.

पोर्ता लामेसमोरचे दोन पुतळे कोणाचे?

एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही पार्टिझन, म्हणजे नाझी आणि फॅसिस्टांविरुद्ध लढलेले भूमिगत सैनिक. शिल्पकार लुच्यानो मिंगुत्सी. पुतळ्यांइतकीच त्यांच्या धातूची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बोलोन्याच्या स्टेडियममध्ये मुसोलिनीचा घोड्यावर बसलेला भला मोठा कांस्य पुतळा होता. १९४३ च्या जुलैत मुसोलिनीची सत्ता गेली तेव्हा लोकांनी स्वारालाच खाली ओढलं. घोडा मात्र मागे राहिला. युद्धानंतर त्या घोड्याचं कांस्य वितळवून मिंगुत्सीने हे दोन पार्टिझन घडवले.

ते या वेशीसमोर आहेत कारण ७ नोव्हेंबर १९४४ ला इथे लढाई झाली. पार्टिझनांची एक तुकडी जवळच्या इमारतींत लपली होती, दुसरी बॉम्बहल्ल्यात पडलेल्या मोठ्या इस्पितळाच्या ढिगाऱ्यात. पहाटे फॅसिस्ट आणि जर्मनांनी पहिल्या तुकडीला घेरलं. दिवसभर गोळीबार चालला. संध्याकाळी धुराचे बॉम्ब फेकून, कालव्याच्या बाजूने ती तुकडी निसटली, आणि मग ढिगाऱ्यातल्यांनी शत्रूच्या पाठीवर हल्ला चढवला. जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपात भूमिगतांनी शहराच्या मधोमध अशी समोरासमोर लढाई दिल्याची उदाहरणं थोडी आहेत.

वेस स्वतः १६७७ ची, आगोस्तीनो बारेल्लीच्या हातची. बरोक शैलीतली, बाकीच्यांपेक्षा नाजूक. पण इथे ती दुय्यमच ठरते.

सान फेलीचेकडे जाताना वाटेत काही आहे का?

ला ग्रादा. चुकवू नका. लामे आणि सान फेलीचे यांच्यामध्ये तटाचा एक तुकडा शिल्लक आहे, आणि तिथेच रेनो नदीचा कालवा शहरात शिरायचा. पाणी आत यावं पण माणूस येऊ नये म्हणून तटातल्या कमानींना लोखंडी गज बसवले होते. हे गज म्हणजेच ग्रादा. मध्ययुगात या पाण्यावर बोलोन्याच्या पिठाच्या आणि रेशमाच्या गिरण्या चालत. आज शहरातले बहुतेक कालवे रस्त्यांखाली गाडले गेले आहेत. विया पिएल्ला (विया म्हणजे रस्ता) इथल्या खिडकीतून एक तुकडा दिसतो आणि तिथे फोटोसाठी रांग लागते. ग्रादापाशी रांग नसते.

पोर्ता सान फेलीचे ही पश्चिमेची वेस, मोदेनाकडे जाणाऱ्या विया एमिलिया या जुन्या रोमन रस्त्यावरची. सम्राट पाचवा चार्ल्स १५२९ च्या नोव्हेंबरमध्ये इथूनच मिरवत शहरात आला आणि २४ फेब्रुवारी १५३० ला पोपच्या हातून बोलोन्यातच त्याचा राज्याभिषेक झाला. आज वेशीच्या भोवताली सिग्नलच सिग्नल आहेत. दोन मिनिटांत पुढे निघा.

पोर्ता सारागोत्सा किल्ल्यासारखी का दिसते?

कारण ती किल्ल्यासारखी दिसावी म्हणूनच तशी बांधली. मूळ मध्ययुगीन वेस साधी चौकोनी होती. १८५९ मध्ये जुझेप्पे मेंगोनी आणि एन्रिको ब्रुनेत्ती रोदाती यांनी तिला दोन्ही बाजूंना गोल बुरूज आणि दातेरी कठडे जोडले. म्हणजे जे 'मध्ययुग' लोक आवडीने टिपतात ते एकोणिसाव्या शतकातलं आहे. मेंगोनी हा पुढे मिलानच्या त्या प्रसिद्ध काचेच्या छताच्या गॅलरीचा वास्तुकार झाला, आणि १८७७ च्या अखेरीस त्याच गॅलरीच्या बांधकामावरून पडून मेला.

ही वेस महत्त्वाची ठरली ती सान लूकाच्या मादोन्नामुळे. शहराबाहेरच्या टेकडीवर मेरीमातेचं एक जुनं चित्र आहे. १४३३ मध्ये पाऊस काही केल्या थांबेना, पिकं कुजायला लागली, तेव्हा ते चित्र मिरवणुकीने शहरात आणलं आणि पाऊस थांबला अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दर वर्षी, साधारण मे महिन्यात, चित्र टेकडीवरून खाली येतं, आठवडाभर मुख्य चर्चमध्ये राहतं आणि परत जातं. येणं-जाणं याच वेशीतून. ज्याने आपल्याकडची पालखी पाहिली आहे त्याला हा सोहळा समजावून सांगावा लागत नाही: तीच गर्दी, तीच खिडक्यांतून वाकून पाहणारी म्हातारी माणसं.

भाविकांना पाऊस-उन्हापासून आडोसा मिळावा म्हणून १६७४ पासून वेशीपासून टेकडीपर्यंत कमानींचा छताखालचा रस्ता बांधला गेला. सुमारे ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी. जगातला सर्वांत लांब पोर्तिको हाच. बोलोन्याचे पोर्तिको २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, त्यात हाही आहे. पण वेशींच्या फेरीच्या दिवशीच सान लूका चढायचा मोह टाळा. शेवटचा चढ दमवतो. त्याला दुसरी सकाळ द्या.

सारागोत्साच्या वेशीत समलिंगी लोकांचं केंद्र होतं, हे खरं का?

खरं आहे. १९८२ मध्ये बोलोन्याच्या नगरपालिकेने या वेशीतल्या खोल्या समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाला दिल्या. सार्वजनिक इमारत अशा संघटनेला अधिकृतपणे देण्याची इटलीतली ही पहिली वेळ. आता कल्पना करा: ज्या वेशीतून मादोन्ना येते तीच ही वेस. चर्चमधून तीव्र विरोध झाला, भरपूर वाद झाले, पण नगरपालिका मागे हटली नाही. वेशीच्या देवडीला इटालियनमध्ये 'कास्सेरो' म्हणतात. तेच नाव केंद्राला पडलं, आणि २००२ मध्ये केंद्र पोर्ता लामेजवळच्या मिठाच्या जुन्या कोठारात हललं तरी नाव कास्सेरोच राहिलं. वेशीत आता मादोन्नाचं छोटं संग्रहालय आहे. रस्त्यापलीकडच्या बागेत गुलाबी संगमरवराचा त्रिकोण दिसेल. नाझी-फॅसिस्ट छळाला बळी पडलेल्या समलिंगी लोकांचं ते स्मारक.

आईवडिलांना हे सांगावं की नाही, असंही कुणी कुणी विचारतात. सांगा. आमचा अनुभव असा की पिढीबद्दलचे आपले अंदाज बहुतेकदा चुकतात.

ज्या वेशी पाडल्या, तिथे थांबण्यासारखं काही आहे?

सांतइझायाला नाही. सान मामोलोच्या जागीही वेस नाही, फक्त चौकाचं नाव उरलं आहे. पण तिथे समोर सांतिस्सिमा आनुन्त्स्याता हे शांत चर्च आहे, आणि इथून दक्षिणेला टेकड्या सुरू होतात. आत शिरून पाच मिनिटं टेका. फेरीचा मध्य साधारण इथेच येतो.

तट उडाला आणि परत जागेवर बसला, ही काय भानगड आहे?

ही बोलोन्याची लाडकी गोष्ट. पोर्ता कास्तिल्योने ओलांडली की (ती स्वतः विटांची, साधी आणि सुंदर, सावेना नदीचा कालवा शहरात इथून येतो) थोड्या अंतरावर बाराकानोचं चर्च तटाला पाठ टेकून उभं आहे. मुळात तटावर मेरीमातेचं एक भित्तिचित्र होतं. त्याभोवती लहानसं देऊळ झालं. चित्र फ्रांचेस्को देल कोस्सा या फेराराच्या चित्रकाराने १४७२ मध्ये नव्याने रंगवलं.

१५१२ मध्ये पोप आणि स्पेनच्या सैन्याने बोलोन्याला वेढा घातला. शहर तेव्हा बेंतिवोल्यो घराण्याच्या आणि फ्रेंचांच्या हातात होतं. वेढा घालणाऱ्यांत पेद्रो नावार्रो होता, सुरुंग लावण्यात त्या काळातला सर्वांत नावाजलेला माणूस. त्याने नेमका बाराकानोच्या तटाखाली सुरुंग पेरला. सुरुंग उडाला, तट देवळासकट जमिनीवरून वर उचलला गेला, क्षणभर बाहेरच्यांना आतलं शहर आणि आत सज्ज उभे असलेले सैनिक दिसले, आणि मग तट जसाच्या तसा आपल्या पायावर येऊन बसला. खिंडार पडलंच नाही. हे एखाद्या भोळ्या भाविकाने लिहिलेलं नाही. पोपच्या बाजूने काम केलेला, आणि चमत्कारांबद्दल फारसा हळवा नसलेला इतिहासकार ग्विच्चार्दिनी यानेच ते नोंदवलं आहे.

खरं काय घडलं असेल? पाया खोल, स्फोट अपुरा, भिंत थोडी हलून राहिली, असं म्हणता येईल. पण चर्चच्या मागे जाऊन तटाचा उरलेला भाग पाहा आणि मग ठरवा. आमच्या मते संपूर्ण फेरीत थांबायची सर्वांत चांगली जागा हीच. जवळच पोर्ता सांतो स्तेफानो, म्हणजे १८४३ ची, सोळाव्या ग्रेगरी पोपच्या नावाची, फिलिप्पो आंतोलिनीने बांधलेली जोडइमारत. वेस म्हणण्यापेक्षा ते दोन देखणे जकात नाके आहेत. पलीकडे १८७९ ची मार्गेरिता बाग. डबा आणला असेल तर इथे उघडा.

या शहराचा मराठी माणसांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पूर्वेच्या पोर्ता माज्जोरेपाशी समजतो. ही वेस विया एमिलियाची, म्हणजे इ.स.पू. १८७ मध्ये रोमन कॉन्सल एमिलियस लेपिडस याने रिमिनीपासून प्याचेंत्सापर्यंत घातलेल्या रस्त्याची. वेशीतून बाहेर पडून त्याच रस्त्याने सरळ गेलात तर इमोला लागतं, मग सेन्यो नदी, मग फाएन्त्सा, आणि सुमारे ६५ किलोमीटरवर फोर्ली.

१९४५ च्या एप्रिलमध्ये दोस्तांचं सैन्य याच दिशेने बोलोन्याकडे सरकत होतं. ९ एप्रिलला सेन्योवर हल्ला झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव, मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, त्या हल्ल्यात होते. नदीचे दोन्ही बांध उंच, मधे पाणी, पलीकडे मशीनगन आणि सुरुंग. त्यांची कंपनी जवळजवळ कापली गेली. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोहोचवलं, मग एकटे परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद केली आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत बाकीच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २१ एप्रिलला बोलोन्या मुक्त झालं. पहाटे पूर्वेकडून शहरात आलेलं पहिलं सैन्य पोलिश होतं.

फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक तिथेच आहे. बोलोन्याहून आगगाडीने तासाभरात पोहोचता येतं. मराठी नावं वाचायला मिळतात. एक दिवस जास्तीचा असेल तर राव्हेना-व्हेरोना करण्याआधी याचा विचार करा.

राहता राहिली वेस. १७७० मध्ये जान जाकोमो दोत्तीने मध्ययुगीन वेशीला नव्या बांधकामात बुजवून टाकलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तट पाडताना आतून जुनी वेस निघाली. रुब्बियानीच्या प्रयत्नांमुळे ती राखली गेली. जवळच कवी कार्दुच्ची यांचं घर आहे, नोबेल मिळालेले पहिले इटालियन लेखक. राणी मार्गेरिताने ते विकत घेऊन १९०७ मध्ये शहराला दिलं. घराला लागून तटाचा चांगला लांब तुकडा आहे.

उरलेल्या तीन वेशी पाहाव्यात की बस पकडावी?

पाय बोलत असतील तर बस पकडा. सान विताले राव्हेनाच्या रस्त्यावरची, सान दोनातो विद्यापीठाच्या टोकाची, मास्कारेल्ला त्यांच्यातली सगळ्यात लहानखुरी. सान दोनातोजवळ तटाचे अवशेष आहेत आणि जवळच विद्यापीठाची वनस्पती बाग, उलिस्से आल्द्रोवान्दीने १५६८ मध्ये सुरू केलेल्या परंपरेतली. विद्यार्थी मंडळींना हा भाग घरचाच. सान विताले ते सान दोनातो या रस्त्याला क्विरिको फिलोपान्ती यांचं नाव आहे. जगाची कालविभागांत वाटणी करावी अशी कल्पना या बोलोन्याच्या गणितज्ञाने १८५८ मध्येच मांडली होती. घड्याळ साडेतीन तास मागे-पुढे करताना आठवा.

चालवत नसेल तर?

३२ आणि ३३ क्रमांकाच्या बस विआलीवरून गोल फिरतात, एक या दिशेने, एक त्या. बसमध्ये बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून तिकीट निघतं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी सारागोत्सा ते माज्जोरे एवढाच दक्षिणेचा भाग पायी करावा. तो सपाट आहे, झाडी आहे, आणि बाराकानो त्यातच येतं. सायकल भाड्याने घेणार असाल तर विआलीच्या कडेने आणि मधून सायकलमार्ग आहे. पण वेशीपाशी तो वळणं घेतो आणि पादचाऱ्यांत मिसळतो, तेव्हा घंटी वाजवत सुटू नका. बाबागाडी चालते. फक्त सिग्नलवर हिरव्याची वाट पाहा, इथले वाहनचालक पिवळ्यालाही वेग कमी करतीलच असं नाही.

वेशींच्या आत, वर जाता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. कमानीखालून जाता येतं, तेवढंच. सारागोत्साचं संग्रहालय मोजके तास उघडं असतं. कार्दुच्चींच्या घराच्या तळमजल्यावर इटलीच्या एकीकरणाचं संग्रहालय आहे, ते मात्र रीतसर पाहता येतं.

दुसऱ्या तटाच्या वेशीही आहेत म्हणे?

हो, त्यांना 'तोर्रेसोत्ती' म्हणतात. बाराव्या शतकातल्या या वेशींपैकी चार शहराच्या आत, घरांच्या मधे अडकून राहिल्या आहेत: विया पिएल्ला, विया सान विताले, विया कास्तिल्योने आणि विया पोर्ता नोव्हा. वरती लोक राहतात, खालून स्कूटर जातात. मोठ्या फेरीनंतर संध्याकाळी आईस्क्रीम खात या चार सहज होतात. खरं सांगायचं तर दिसायला या बाहेरच्या वेशींपेक्षा जास्त गोड आहेत.

कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पो नदीच्या खोऱ्यातला उकाडा मुंबईच्या माणसालाही नको होतो, आणि ऑगस्टच्या मध्यात अर्धी दुकानं बंद असतात. एक फसगत होते: बोलोन्या पोर्तिकोंचं शहर म्हणून लोक छत्री-टोपी घेत नाहीत. पण विआलीवर पोर्तिको जवळपास नाहीतच. पाऊस आला तर भिजणार. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. लामेच्या पुतळ्यांना ते शोभतं, बाकी ठिकाणी काही दिसत नाही. पाणी सार्वजनिक नळांचं पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. स्वच्छतागृहासाठी सरळ एखाद्या बारमध्ये शिरा, एक एस्प्रेसो मागा आणि मग विचारा.

शाकाहारी माणसाने वाटेत काय खावं?

नावं नीट वाचा. तोर्तेल्लीनी लहान, आत डुकराचं मांस, बहुतेकदा मांसाच्याच रश्शात. तोर्तेल्लोनी मोठे, आत रिकोत्ता चीज आणि पालकासारखी भाजी, वर लोणी आणि सेजची पानं. शाकाहाऱ्यांनी हे मागवायचं. क्रेशेंतीने हा फुगलेला तळणीचा पदार्थ दिसायला पुरीच, पण त्याच्या पिठात आणि तळणीत डुकराची चरबी असू शकते. पियादिनाच्या पिठातही असते. 'सेंत्सा स्त्रुत्तो?' एवढं विचारलं की चरबीविना आहे की नाही ते कळतं. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, काटेकोर शाकाहारी असाल तर तेही सोडावं लागेल. जैन मंडळींनी मार्गेरिता बागेसाठी ठेपले बांधून आणावेत हे उत्तम.

रात्री ही फेरी सुरक्षित आहे का?

दक्षिणेचा भाग रात्री शांत आणि ठीक असतो. स्टेशन, गालिएराची वेस आणि मोंतान्योला इथे अंधार पडल्यावर रेंगाळू नका. पाकीट पुढच्या खिशात, फोन हातात मिरवत नाही. बागेच्या आतून जाण्याऐवजी दिवे असलेल्या रस्त्याने जा. उशिराची गाडी असेल तर फेरी गालिएरावर संपवण्याऐवजी अशी आखा की शेवट सांतो स्तेफानोपाशी होईल. तिथून स्टेशनला ३२ किंवा ३३ मिळते, फक्त शेवटची बस किती वाजताची आहे ते आधी थांब्यावरच्या फलकावर पाहून ठेवा.